उसळी दाबणारं मीठ

४ मार्च
पोचलो एकदाचे! कंपनीचं क्वार्टर चांगलं आहे. दोन खोल्या, ऐसपैस स्वयंपाकघर, मागच्या दारी कपडे वाळत घालायला तार. बाबांनी उंबऱ्यातच नाक मुरडलं: कडी ढिली, खिडकी उन्हाची, पाणी कडू. पाणी किंचित कडवट आहे खरं. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, सवय होते. त्यांचं बाळ चार महिन्यांचं, पण हूं की चूं नाही. बाबा म्हणाले, मी इतका गुणी असतो तर माझ्या आईनं मला सोन्यानं मढवलं असतं.

७ मार्च
लॅब लहान पण नेटकी. फक्त डिस्टिल्ड वॉटरचं यंत्र बंद पडलंय. इथे कॅल्शियम ब्रोमाइड बनतं. ब्रोमिनचं मीठ, पाण्यात विरघळवून जड केलेलं. दिसायला साधं पाणी, पण बादली उचलताना खांदा निखळतो. तेलाच्या विहिरी खणताना खालून जी उसळी येते, ती हे पाणी नुसत्या वजनानं दाबून धरतं. टाक्यांतल्या पाण्याची घनता मोजायची, हे माझं काम. तीन नंबरच्या टाकीला तळाशी गळती दिसली. मॅनेजरसाहेबांना सांगितलं. अगदी शांतपणे म्हणाले, उद्या बघू. इथे कुणी आवाजच चढवत नाही. आधीच्या नोकरीतल्या कटकटीनंतर किती बरं वाटलं!

१९ मार्च
बाबा झोपतात! आई गेल्यापासून रात्रभर येरझारा घालणारा माणूस आता डोकं टेकलं की घोरतो. देव पावला. ब्लडप्रेशरमुळे त्यांना मीठ वर्ज्य. दोनदा स्वयंपाक कोण करणार, म्हणून मीही अळणीच जेवते. मलाही झोप छान लागते.

६ एप्रिल
बरेच दिवस लिहिलं नाही. कामावरून आलं की हातपाय गळतात. बाबांच्या गालांवर लाल पुरळ उठलंय. औषध आणायचं रोज विसरते. ते खुर्चीत बसून असतात. आज भाजी करपली, तरी ताटात बघून एक अक्षर बोलले नाहीत.

१४ एप्रिल
बाबांनी आज मला अहो म्हटलं. अहो बाई, पाणी देता का?
पेला भरताना हात थांबला. तसाच तो पेला लॅबमध्ये नेला, त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. खायचं मीठ असतं तर पांढरा साका बसला असता. हा बसला पिवळट, सायीच्या रंगाचा. ब्रोमाइड. आमच्या नळांची बोअर त्या गळक्या टाकीच्या खालच्या अंगाला आहे. पूर्वी हेच मीठ माणसं शांत करायला औषध म्हणून देत. जास्त झालं की पुरळ उठतं, डोकं जातं. आणि अंगात साधं मीठ कमी असलं की हे जागा अडवून बसतं, हटत नाही. आणि मी त्यांना अळणी वाढत होते.

१५ एप्रिल
साहेबांना पेला दाखवला. म्हणाले, माहीत आहे. वरती कळवायचं राहिलंय. उद्या नक्की. बोलता बोलता तोंड कोरडं पडलं म्हणून त्यांनी तोच पेला उचलला. मी हिसकावला. रागावले नाहीत. हसले.
वहिनींनाही सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि बाळाच्या बाटलीत नळाचं पाणी ओतलं.
बहिणीला फोन करायला घेतला. घंटा वाजत असताना कुणाला लावलाय तेच आठवेना. ठेवून दिला.

१८ एप्रिल
माल न्यायला ट्रक आला. ड्रायव्हर बाहेरचा, गेटवर कचाकचा भांडला. भांडण ऐकून मला रडूच आलं. तो घरचं पाणी बरोबर आणतो. दोन कॅन देऊन गेला. पुढच्या फेरीला आम्हाला नेईन म्हणाला. ते पाणी बाबांना, मीठ घालून. एकट्यालाच पुरेल. मी नळाचंच पिते, घोट घोट. तहान मारवत नाही.

२१ एप्रिल
वहिनींकडे गेले. त्या पलंगावर आडव्या. म्हणाल्या, बाळ किती शांत आहे बघा, कालपासून रडलं नाही. त्याला दूध पाजायला उठायचंय, उठतेच आता.
मी पाळण्यात हात घातला.
गार.
त्यांना सांगितलं. बरं, म्हणाल्या.
मी घरी आले आणि झोपले. मी — झोपले!

२३ एप्रिल
बाबांनी नावानं हाक मारली. माझ्या नावानं. मग विचारलं, तुझ्या तोंडावर हे काय उठलंय.
मला वाटतं मी उत्तर दिलं.

२४ एप्रिल
ट्रक आलाय. बॅग बाबांनी भरली. मी पलंगावर, एका पायात चप्पल. भिंतीपाशी वहिनी उभ्या आहेत, कडेवर बाळ — नाहीत. कुणी नाही.
लिहीत राहिलं की डोळे मिटत नाहीत म्हणून —
हॉर्न. ड्रायव्हर आत आला. दोघं मिळून मला उचलायला बघताहेत. मी जड झालेय. बाबा रडताहेत, कशासाठी कोण जाणे. इतकं काय आहे त्यात. छान वाटतंय.
मी म्हटलं, तुम्ही पुढे व्हा, मी एवढं वाक्य पुरं करून ये