मागं सरकणारी झाडं

आबा,
तुमच्या पायांवर डोकं ठेवते.

खाडीत लावलेली कांदळाची, म्हणजे खारफुटीची, रोपं जगली, असं फोनवर मी खोटंच सांगितलं. तुम्ही आपल्या गुंजवण्यात भात लावायचात तशी मी मऊ चिखल बघून लावली आणि सगळी बुडाली. गोदा कोळीण हसली, “पोरी, समुद्र वर चढतोय म्हणून झाडं मागं सरकतायत, नि तू त्यांना पुढं ढकलतेस?”

खाडीच्या मागं एका शेतकऱ्याचं भातखाचर आहे. ‘कांदळांसाठी ते सोडा,’ असं उद्या मला त्याला सांगायचंय.

धरणासाठी आपलं खाचर मागणाऱ्या साहेबाला तुम्ही पाणी दिलंत, पण एक शब्द बोलला नाहीत. साहेबानं काय म्हटलं असतं, तर तुमच्या मनाला कमी लागलं असतं?

हे विचारायचा धीर नाही, म्हणून पत्र टाकत नाही.

तुमची शिकलेली लेक,
सुलक्षणा