पट अकरा

मंगळवार, २ डिसेंबर

गुडघ्याला पट्टा बांधून निघाले. काल तालुक्याच्या ऑफिसातून फोन — "बाई, गावातल्या दोन्ही सरकारी शाळा बघा, तुलना लिहून द्या. दहाच्या आत पट असेल ती बंद करून दुसरीला जोडायची. निवृत्त झालात तरी तुमच्या शब्दावर कुणी शंका घेणार नाही."

नाहीच घेणार.

आज कानडी शाळा. जैन बस्तीच्या मागं. पट बावन्न. संडासाला कडी आहे, आत पाणीही! पुस्तकांच्या कपाटाला कुलूप दिसलं. वाटलं, झालं, इथंही पुस्तकं कोंडलेलीच. पण किल्ली तिसरीतल्या एका पोरीच्या गळ्यात, दोरीत ओवलेली. कपाट तीच सांभाळते. प्रिया नाव. चटकन उघडून दाखवलं.

हेडमास्तर पायगोंडा. सदतीस-अडतीसचा असेल. चहा आणवला. घेतला नाही. तपासणीला गेल्यावर मी पाण्याचा थेंबही घेत नाही. नोकरीत कधी घेतला नाही. तो हसला. "बाई, तुम्ही हाय तशाच हाय की!"

याला मी कधी शिकवलं? आठवत नाही.

बुधवार, ३ डिसेंबर

सरळ लिहिते.

हायवेपलीकडची मराठी शाळा. ९४ ते ९७ मी इथंच मुख्याध्यापिका होते. नियमाबाहेर एक पाऊल टाकलं नाही कधी. आता नीलम नावाची तरुण शिक्षिका आहे, एकटी. पहिली ते पाचवी मिळून पट अकरा. अकराच्या अकरा समोर! पाढे खडखडीत. एक मुलगी तेवढी मागं, खाली मान घालून बसलेली. लाजाळू असेल म्हटलं.

दुपारी जेवण. आज अंड्याचा दिवस. स्वयंपाकाची जयाबाई वाढत होती. त्या मुलीपाशी आली, "आरोही, घे की गं अंडं."

"आमच्यात न्हाय चालत. मला केळं."

जयाबाईचा डाव तसाच राहिला. मीही थांबले. केळं मागणारी पोरं आमच्या जैनांची. आणि हायवेच्या या अंगाला जैनाचं एक घर नाही! उठले. पोरीच्या गळ्यातली दोरी बाहेर ओढली.

किल्ली!!

नीलम भिंतीला टेकली. "बाई, आमची सहाच हैत." उरलेली पाच सकाळी पायगोंडानं स्वतःच्या गाडीतून आणून सोडली. कानडी शाळेच्या हेडमास्तरनं — मराठी शाळा जगावी म्हणून! पाटीवरच्या अक्षरांवरून डोकी फुटलेली बघितलीत मी या भागात.

खुर्चीत बसले. पाणी मागितलं. पिऊनही टाकलं! ते घरी आल्यावर ध्यानात आलं.

गुरुवार, ४ डिसेंबर

नीलमला म्हटलं, शाळा बंद झाली तर ही सहा पोरं पलीकडं कशी जातील, ते चालून दाखव.

दाखवलं. हायवेखालचा बोगदा दीड किलोमीटर पुढं, म्हणून सगळं गाव दुभाजकाच्या फटीतून जातं. पहिलीतल्या समर्थनं माझा पदर धरला. "आज्जी, मोठा ट्रक गेला की पळायचं. मागं बघायचं न्हाय." अर्ध्यावर पोचलो आणि मधेच अडकलो. नऊ मिनिटं. घड्याळ लावलं. दोन्ही बाजूंनी ट्रक, वाऱ्यानं पोरं हलत होती. आणि हसत होती! "आज्जी लई भित्यात!" म्हणून मला चिडवत होती.

माझ्या काळी इथं साधा रस्ता होता. बैलगाड्या जायच्या.

शुक्रवार, ५ डिसेंबर

अहवाल लिहिला. पट सहा. पाच मुलं खोट्या नावांनी बसवली. नीलम आणि पायगोंडा, दोघांचीही नावं घातली. रस्त्यासाठी नमुन्यात रकाना नाही. पोरांचं वाईट वाटतं. पण खोटं ते खोटं.

सोमवारी देणार.

शनिवार, ६ डिसेंबर

सकाळी पायगोंडा दारात. आत ये म्हटलं नाही.

"बाई, माझं नाव लिवा. नीलमचं काढा. तिची नोकरी जाईल."

"दोघांचंही राहणार. असलं शिकलास कुठं?"

"तुमच्याकडनं, बाई."

तो सांगत होता — ९५ साल. माझ्या शाळेची तपासणी, पट कमी. तो तेव्हा कानडी शाळेत पहिलीला. मी म्हणे त्याला सायकलच्या कॅरिअरवर बसवून माझ्या शाळेत नेलं. मी! "रवळू म्हणून हाक मारली की उभा राहा म्हणालात. पेपरमिंट दिलता. हिरव्या कागदातला."

"खोटं! चालता हो!"

चपला घालता घालता म्हणाला, "त्याच्यावर शाळा तीस वर्षं चालली, बाई. आम्ही न्हाय विसरलो."

रवळू कोण? मला कुणी रवळू आठवत नाही. असलं मी करणं शक्य नाही. शक्यच नाही!

रविवार, ७ डिसेंबर

शेजारच्या परशरामकडून माळ्यावरची ट्रंक उतरवून घेतली. ९५ ची रोजनिशी सापडली. उघडली नाही.

सोमवार, ८ डिसेंबर

उघडली. १४ मार्च १९९५. माझंच अक्षर — "तपासणी निभावली. पट अकरा दाखवला. उसना रवळू चुणचुणीत. झोप छान लागली."

ते पान फाडलं. अहवाल नव्यानं लिहिला. पट सहा. रकाना नव्हता, तिथं रेघ मारून हायवे लिहिला, नऊ मिनिटं लिहिली. शाळा बंद करू नये, असं लिहिलं. रोजनिशीचं ते पान अहवालाच्या मागं टाचलं. खोट्या पटाखाली आता तीन नावं आहेत.

पहिलं माझं.