पाणावलेल्या डोळ्यांची नोकरी

ती. दादास,

शिरसाष्टांग नमस्कार. (तोही कागदावरच. प्रत्यक्षात वाकलं की नाक वाहायला लागतं, म्हणून हल्ली बुटाची नाडीसुद्धा पाय खुर्चीवर ठेवून बांधते.) तुझी कंबर कशी आहे? वहिनीचे गुडघे कुरकुर करतात की आता उघड भांडतात?

इकडे झाडं फुलली आहेत. बाहेरून आलेले लोक फोटो काढतात, राहणारे शिंकतात. सायकलींवर, उंबऱ्यावर, पापण्यांवर परागांची पिवळी धूळ. मी कपडे घरात वाळवते, खिडकीच्या फटी ओल्या फडक्यांनी बुजवते, बाहेरून आल्या आल्या केस धुते. शेजारीण म्हणाली मध खा. खाल्ला. शिंका तेवढ्याच येतात, फक्त घसा गोड राहतो.

पण खरी गंमत (गंमतच म्हणायची, दुसरं काय म्हणू?) कचेरीत झाली. तू शब्द टाकलास म्हणून मला कंपनीच्या मुख्य कचेरीत चिकटवून घेतलं. तुम्हा गोदामवाल्यांना वाटतं आम्ही वर बसून चहा ढोसतो. सध्या माझं काम एकच: ज्यांना कामावरून कमी करायचं, त्यांना बोलावून तसं सांगायचं आणि सही घ्यायची. (कागदात असतं की मी आपखुशीने जातोय, माझं कंपनीकडे काही येणं नाही.) पहिलेच आले हिशेबनीस. मी तोंड उघडलं आणि डोळ्यांना धार लागली. फुलांमुळे होतं हो, असं सांगेपर्यंत त्यांनी स्वतःचा रुमाल माझ्या हातात कोंबला आणि मला धीर देत देत सही करून टाकली.

आमच्या साहेबांच्या (आपसात आम्ही त्यांना 'मलम' म्हणतो) हे बरोबर लक्षात आलं. हे काम माझ्याकडे यायच्या आधी लोक टेबल आपटायचे, कोर्टाची भाषा करायचे. आता कोणी आवाजही चढवत नाही. लगेच माझं टेबल खिडकीशी गेलं आणि खिडकी सताड उघडी ठेवायचा हुकूम निघाला. मास्कला बंदी, कारण माणुसकी दिसली पाहिजे. डॉक्टरांच्या गोळ्यांचं कळल्यावर म्हणाले, झोप येईल, बहर ओसरू दे, मग घे.

परवा टेलिफोनवरच्या बाईंनी मला खुर्चीत बसवून पाणी पाजलं आणि मग सही केली. म्हातारे ड्रायव्हर म्हणाले, "पोरी, जिवाला लावून घेऊ नकोस गं." चष्मासुद्धा काढला नाही खिशातून, न वाचताच सही केली. खाली जाऊन सगळ्यांना सांगतात की आपल्यासाठी कोणीतरी रडलं. दादा, मला एकदाही रडू आलं नव्हतं. नाक चोंदलं होतं आणि जेवणाची सुट्टी कधी होते असं झालं होतं. आता लाज वाटते. पण बोलले तर पुढचा कागद माझ्याच नावाचा, म्हणून गप्प आहे.

असो. फार लांबलं. वहिनीला नमस्कार, पोरांना पापे (लांबूनच).

तुझी सर्दाळलेली,
धाकटी

ता.क. वहिनीने विचारलं तर सांग, धाकटीने सर्दीचं रडगाणं लिहिलंय.

आणखी एक. पुढच्या आठवड्यात तुमच्या गोदामाची पाळी आहे. तुलाही बोलावणं येईल. समोर मीच असेन. पाणी देऊ नकोस, समजूत काढू नकोस. कागद घरी नेऊन वाचतो म्हण आणि ऊठ.

शेवटचं. त्या दिवशी मी खरंच रडत असेन. तरीही सही करू नकोस.