आरोहीची कंबर

२ जुलै, बुधवार

पिरंगुटच्या चौकात फ्लेक्स लागला! किशोर दूध आणायला गेला होता, त्याने फोटो पाठवला. ‘भारतीय क्रिकेट संघात निवड झाल्याबद्दल मुळशीची वाघीण कु. आरोही हिचे हार्दिक अभिनंदन.’

निवड व्हायची आहे. बैठक पुढच्या पंधरवड्यात. निवडणाऱ्या पाच जणींपैकी एक मी. मला कोणी विचारलेलं नाही.

आरोहीचा फोटो पासपोर्टएवढा. शुभेच्छुकांचे मात्र मोठमोठे: हात जोडलेले, गॉगल घातलेले, फोन कानाला लावलेले. जिल्हा परिषदेला उभं राहायचंय ना सगळ्यांना. आणि उजव्या कोपऱ्यात — मी! ‘निवड समिती सदस्या व आरोहीच्या आत्या.’ फोटो कुठल्यातरी लग्नातला. नथ घातलेला.

गावी कैलासदादाला फोन केला. म्हटलं, आधी तो फ्लेक्स उतरवायला लाव.

“का गं? फोटो बरा न्हाई आला व्हय?”

सख्खा भाऊ आहे, म्हणून ऐकून घेतलं.

३ जुलै

फ्लेक्स उतरवला नाही. माझा फोटो तेवढा कापून काढला. आता तिथे चौकोनी भोक आहे आणि त्यातून मागच्या रंगाच्या दुकानाची पाटी दिसते. किशोरचं म्हणणं, आधीपेक्षा बरं दिसतं. नवरा आहे, त्याचंही ऐकून घेतलं.

५ जुलै, शनिवार

आज अध्यक्षबाईंना फोन करून नातं सांगून टाकलं. उद्या कोणी बोट दाखवायला नको. आरोही म्हणजे प्रमोदची मुलगी. प्रमोद आमच्या भावकीतला, त्याचे पणजोबा आणि माझे पणजोबा भाऊ. उरवड्याच्या कारखान्यात शिफ्टला जातो. लहानपणापासून मला ताई म्हणतो, म्हणून त्याची पोरगी मला आत्या म्हणते. अध्यक्षबाई हसल्या. “साधना, या हिशोबाने तुझा अख्खा तालुका नात्यात निघेल. मुलगी कशी टाकते ते सांग.”

कशी टाकते? वेगात टाकते! बंगळुरूच्या शिबिरात मी सीमारेषेवर उभी राहून पाहिलं. आपल्याकडच्या चांगल्या चांगल्या मुली एकशे दहाला दमतात, ही एकशे अठराने टाकते आणि टाकून झाल्यावर कंटाळल्यासारखी परत चालत जाते. बॉल पडल्यावर उसळतो तो थेट गळ्याशी. कर्नाटकची एक बॅटर आउट झाल्यावर पंचांना थँक्यू म्हणाली.

इंग्लंडच्या दौऱ्यासाठी तीन वेगवान गोलंदाज न्यायच्यात. दोन ठरल्यातच जमा आहेत. तिसरी नवी. एक तर आरोही, नाहीतर झारखंडची ती डावखुरी. डावखुरी शिस्तीची आहे. बॉल सांगितलेल्या जागी टाकते, बसते पण सांगितलेल्या जागी. बाकी चौघींना ती आवडते. मला वेग हवा. शिस्त शिकवता येते, वेग आईच्या पोटातून यावा लागतो. बैठकीत भांडायची तयारी आहे माझी.

७ जुलै, सोमवार

सकाळी दादाचा फोन. भाताच्या आवणीला, रोपं लावायला, माणसं मिळेनात. बिहारी पोरंसुद्धा कंपन्यांत लागली, चिखलात वाकायला कोण येणार? मग त्याने इर्जिक घातली आहे, बुधवार-गुरुवार. घरटी एक माणूस येणार, जेवण आपल्याकडे, पुढे ज्याची आवणी असेल त्याच्याकडे आपण जायचं.

“तू येतीयास का? निम्मं वावर तुजं हाय.”

म्हटलं, दादा, मला बैठकीआधी सगळ्या मुलींचे व्हिडिओ बघायचेत.

“बघ बघ. भात बी येईल तसंच. व्हिडिओतनं.”

ठेवला फोन. तांदूळ नेताना मला ते वावर आठवतं, लावताना आठवत नाही, असं वहिनी मागे एकदा म्हणाली होती. तोंडावर नव्हती म्हणाली, पण मला ऐकू जाईल इतपत मोठ्याने.

९ जुलै

दिवसभर व्हिडिओ. डावखुरी खरंच शिस्तीची आहे. झोप आली.

११ जुलै, शुक्रवार

आज जे पाहिलं ते नको होतं बघायला.

पावसात मैदान बंद, म्हणून आरोही भूगावच्या इनडोअर नेटमध्ये सरावाला येते. मी न सांगता गेले. मुद्दामच. सांगून गेलं की सगळ्या मुली छान वाकून नमस्कार करतात आणि बॉलही छान टाकतात.

ही स्कूटीवरून उतरली ती कमरेवर हात ठेवून. मला पाहिलं आणि हात काढला. सहा-सात बॉल टाकले, वेग नेहमीचा. मग बॉल नेटच्या कडेला घरंगळत गेला. तो उचलायला वाकली नाही. गुडघे मोडून खाली बसली, बॉल घेतला, आणि उठताना पुन्हा तो हात. पाठीमागे, डावीकडे, पट्ट्याच्या जरा वर.

ती जागा मला पाठ आहे.

मी तेवीसची होते. भारताकडून जेमतेम दोन सामने खेळले होते. पाठ धरायची, आणि मी कोणाला सांगत नव्हते, कारण सांगितलं की बसवतील. तिसऱ्या सामन्यात चौथ्या ओव्हरला कट्‍ झालं. मणक्याला चीर. दोन महिने पालथी, वर्षभर पट्टा, आणि मग निवड समिती. माझ्या कारकिर्दीबद्दल विचारतात तेव्हा मी एवढंच सांगते, त्याहून जास्त काही नाहीच आहे.

नेट संपल्यावर तिला बाजूला घेतलं.

“कंबर दुखतेय का?”

“न्हाई आत्या.”

“खरं सांग.”

“न्हाई म्हनलं की. कशाला दुखंल?”

डोळ्यांत बघून बोलली नाही. मीसुद्धा तेव्हा छताकडे बघून सांगायचे. घरी येताना उलट्या दिशेने चांदणी चौकात पोचले आणि थेट मुंबईच्या रस्त्याला लागले. घाबरले आहे मी. तिच्यासाठी.

१२ जुलै

अकादमीच्या फिजिओला फोन केला. ती म्हणते, जूनअखेर तपासलं, फिट आहे. मुलीची तक्रार नसेल तर स्कॅन कशाच्या आधारावर करायचं? म्हटलं, माझ्या डोळ्यांच्या. ती नम्रपणे म्हणाली, मॅडम, बैठकीआधी तारीख मिळणार नाही.

किशोर म्हणाला, “पुन्हा एकदा विचार तिला.” काय विचारू? ती नाहीच म्हणणार. एकवीस वर्षांच्या वेगवान गोलंदाजाला पाठ दुखतेय का विचारणं म्हणजे चोराला चोरी केलीस का विचारणं.

१५ जुलै, मंगळवार

बैठक झाली. तिसऱ्या जागेवर आल्यावर अध्यक्षबाई म्हणाल्या, आरोहीला साधनाने जवळून पाहिलंय, तीच सांगेल. सगळ्या वह्या मिटून माझ्याकडे बघायला लागल्या. मी भांडणार अशीच अपेक्षा होती त्यांची.

मी म्हटलं, आत्ता नको. पाठीबद्दल शंका आहे. स्कॅन व्हावं, पुढच्या मालिकेला बघू.

मग डावखुरीचं नाव लिहिलं. चहा आला. एक जण म्हणाली, “आपल्या माणसाच्या बाबतीत इतकं कठोर होणं सोपं नाही हं.” दुसरीने माझ्या खांद्यावर थोपटलं.

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, छानच वाटलं.

१६ जुलै

संघ जाहीर झाला. आरोहीला मीच फोन केला, बातम्यांत कळायला नको म्हणून. म्हटलं, तुझ्या पाठीसाठी थांबवलंय. तुझ्या भल्यासाठी. ती म्हणाली, “बरं.”

रडली असती तर समजूत घालता आली असती. “बरं” ला काय करायचं?

१७ जुलै

चौकातला फ्लेक्स तसाच आहे. फक्त ‘भारतीय क्रिकेट संघात निवड झाल्याबद्दल’ यावर पांढरी पट्टी मारून ‘वाढदिवसानिमित्त’ केलंय. तिचा वाढदिवस जानेवारीत असतो.

१९ जुलै, शनिवार

प्रमोद आला होता. शिफ्ट सुटल्यावर थेट, कंपनीच्या गणवेशात. सोसायटीच्या वॉचमनने नाव लिहून घेतल्याशिवाय सोडलं नाही, त्यामुळे वर येईपर्यंत आणखी तापला. बसला नाही. पाणी घेतलं नाही.

“ताई, पोरीचं काय चुकलं तेवढं सांगा.”

म्हटलं, काही चुकलं नाही. तिची पाठ दुखतेय, ती लपवतेय. आज इंग्लंडला गेली तर उद्या कायमची घरी बसेल. मी भोगलंय ते.

“तिनं सांगितलं तुमाला दुखतंय म्हनून?”

“मी पाहिलं.”

“तुमी मोडलात, म्हनून दुसऱ्याची पोर बी मोडलेलीच दिसतीय तुमाला.”

किशोर मध्ये पडला, प्रमोद, जरा जपून बोल. प्रमोद जपून जिना उतरून गेला.

खूप लागलं. पण पंधरा वर्षांनी तोच येऊन पाया पडेल. पोरगी धडधाकट असेल तेव्हा. तोपर्यंत शिव्या खायला लागतील तर खाऊ. निवड समितीवर माणूस कशासाठी असतो?

२१ जुलै

दादाला तीनदा फोन केला. उचलला नाही. वहिनीने उचलला, म्हणाली शेतावर गेलेत. मागून दादाचं खोकणं ऐकू येत होतं.

२३ जुलै, बुधवार

आरोहीला बंगळुरूला नेलंय. बैठकीत मी शंका नोंदवली होती, म्हणून आता स्कॅन करणं भाग आहे. निदान एवढं तरी झालं. चीर बारीक असेल, लवकर सापडेल, चार-सहा महिन्यांत भरून येईल. देवाजवळ हेच मागतेय.

वाचून पाहिलं वरचं. पोरीच्या मणक्यात चीर सापडावी म्हणून देवाला साकडं! लिहून गेले खरी.

२५ जुलै, शुक्रवार

फिजिओचा फोन. स्कॅन स्वच्छ. चीर नाही, सूज नाही, काही नाही. “इतकी चांगली पाठ मी या वर्षात पाहिली नाही मॅडम,” म्हणाली. तिला वाटलं मला आनंद होईल.

झाला आनंद. का नाही होणार? मग स्वयंपाकघरात जाऊन तासभर उभी राहिले. भाजी जळली. संघ काल रात्रीच्या विमानाने गेला. अध्यक्षबाईंना कळवलं, त्या म्हणाल्या, “चल, चांगलंच आहे की. पुढच्या वेळी बघू.” पुढच्या वेळी! वेगवान गोलंदाजाची पुढची वेळ कधी येते आणि कधी येतच नाही, हे मला कोणी शिकवायला नको.

माझी चूक झाली. सरळ सरळ चूक. तिची जागा माझ्या एका वाक्याने गेली. बाकीच्या चौघी तर माझं तोंड उघडायची वाट बघत होत्या.

पण एक कळत नाही. मी काही आंधळी नाही. ती वाकत नव्हती. हात पाठीवर होता. मग तिला झालं काय होतं त्या दिवशी?

२६ जुलै, शनिवार

आरोहीला फोन केला. आधी माफी मागितली. मग विचारलं. सांगायलाच तयार नाही. कोचने चिखलात पाय ठेवायचा नाही म्हणून बजावलं होतं, एवढं बोलून गेली. म्हटलं, चिखलात? कुठल्या चिखलात?

“तुमच्याच वावरात आत्या. आवणीला. समद्या बायका म्हनाय लागल्या, वावर साधनाचं आन् साधना कुटं हाय? मग मी म्हनलं, आत्याच्या जागी मी हाय की. दोन दिस वाकून वाकून कंबर धरली, आनि काय न्हाई.”

आणि वर म्हणाली, “रोपं लई ब्येस धरलीत. बगून जावा एकदा.”