बूटवाल्याला घोड्यातलं काय कळतं!

३ फेब्रुवारी, मंगळवार
आजपासून रोजनिशी. मी सांगणार, हे लिहिणार. मला अक्षर येत नाही, यांना दुसरं काही येत नाही. जोडी बरी जमली. मधे स्वतःचं काही घालायचं नाही अशी ताकीद दिली आहे.

विषय, नातीची घोडेस्वारी. क्लबच्या निवडीच्या दोन फेऱ्या. एक पंधराला, दुसरी एक मार्चला. एकीत तरी पहिल्या तिघींत आली तर संघात जागा, आणि घोडी वर्षभर तिच्याकडे. नाही आली तर घोडी समोरच्यांच्या पोरीला. आमची पोरगी जेवतानासुद्धा खुर्चीला टाचा मारते.

शिकवणारा माणूस गुडघ्यापर्यंत बूट घालतो. घोड्यातलं कळत असतं तर एवढे बूट लागले नसते. माझ्या काकांची घोडागाडी होती. मी मागे बसायचे. घोड्याची मागची बाजू माझ्याइतकी इथे कुणी पाहिलेली नाही.

निश्चय : आता हे प्रकरण मी हातात घेतलं.

५ फेब्रुवारी
घोडी पाहिली. वय एकोणीस, तोरा नव्या नवरीचा. हाक मारली की मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. पोरीचा निम्मा वेळ तिला पकडण्यातच जातो. बूटवाला म्हणाला, आजी, धीर धरा. ज्यांना काही सुचत नाही ते धीर धरायला सांगतात.

६ फेब्रुवारी
मला सुचलं. यांच्या सायकलची घंटा काढून घेतली. सायकल तशीही चालत नाही, हे तशीही चालवत नाहीत. घंटा वाजवायची, गाजर द्यायचं. एवढंच शास्त्र.

११ फेब्रुवारी
घंटा वाजली की म्हातारी घोडी धावत येते. बूटवाला बघत राहिला. मग बूट पुसायला लागला. दुसरं करणार काय! समोरची आजी कुंपणाजवळ विणत बसली होती. तिला म्हटलं, तुमच्या नातीलाही शिकवीन. ती म्हणाली, नको. माणसाला स्वतःचं भलं कळू नये म्हणजे कमाल आहे.

१५ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळ
पंच नावाच्या माणसांबद्दल माझं मत वाईट झालं आहे.

पोरगी ऐटीत आत आली. सुरू करा म्हणून पंचांनी टेबलावरची घंटा वाजवली. म्हातारी अडथळे सोडून तडक टेबलापाशी. पोरीने लगाम ओढला, टाचा मारल्या, छे! पंच घाबरले आणि थांब म्हणून पुन्हा घंटा वाजवली. मग तिने त्यांच्या पिशवीतच तोंड घातलं. टेबल आडवं. नात बाद.

घोडीने ऐकलं, म्हणजे शिकवणी उत्तम. दुसऱ्याच्या घोडीसमोर घंटा वाजवायची तर हातात गाजर नको? हे मी तिथेच मोठ्याने विचारलं. लोक हसले, ते अर्थात पंचांना.

पोरगी घरी येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. दमली असेल.

१७ फेब्रुवारी
बूटवाला आता दिवसभर घंटा वाजवतो आणि घोडीला काहीच देत नाही. म्हणे सवय मोडायची आहे. पोरगी म्हणाली, आजी, प्लीज, आता तू काही करू नकोस.
निश्चय : काही करणार नाही.

१९ फेब्रुवारी
केलं. कुंपणातून, प्रत्येक घंटेला, बारीक तुकडा. उपाशी जिवाकडे बघवत नाही. म्हातारीचं पोट सुटलंय ते वाऱ्याने.

बूटवाल्याने पाहिलं. हात जोडून म्हणाला, आजी, उद्यापासून तबेल्यात येऊ नका. निदान हात जोडले. माणसाला थोडी रीत आहे.

२६ फेब्रुवारी
नात माझ्या खोलीत आली. पलंगाच्या कडेवर बसून चादरीचा दोरा ओढत राहिली. म्हणाली, घोडी गेली तर मी पुन्हा घोड्यावर बसणारच नाही. मग म्हणाली, आजी, रविवारी तू येऊ नकोस. नाक लाल झालं होतं. पंधरा वर्षांची घोडी झालीये, पण रडायची सुरुवात अजून नाकापासून करते.

मी म्हटलं, वेडे, माझं न यायचं केव्हाच ठरलंय. ठरलं नव्हतं, असं हे म्हणतात. यांना विचारलंय कुणी?

१ मार्च, रविवार
घरी. सुनेचे डबे घासले. तिच्या हातचे घासलेले डबे म्हणजे घासलेले नव्हेतच. फोनकडे बघितलं नाही. फोन डब्यांशेजारी ठेवला होता, तेवढंच.

पोरगी दुसरी आली!

घंटा वाजली तशी म्हातारीने कान टवकारले आणि टेबलाकडे वळली. पोरीने तिची मान हलकेच फिरवली, काहीतरी पुटपुटली, आणि मग अडथळ्यांचा एकही दांडा पाडला नाही. सूनबाई फोनवर सांगताना रडत होती. टेबलाकडे वळली तेवढं माझं शिक्षण. बाकीचं कुणीही शिकवलं असतं.

४ मार्च
संघ बाहेरगावी जाणार, बसने. मुलींबरोबर कुणातरी एकीच्या घरचं एकच मोठं माणूस न्यायचं आहे. बॅग भरली. यांना म्हटलं, तीन दिवस स्वतःचा चहा स्वतः करा. यांचा चेहरा एवढा का खुलला, कळलं नाही.

५ मार्च
समोरची आजी जाणार आहे, तिचीही नात संघात आहे. बूटवाला म्हणतो, त्या शांत बसतात. शांत तर खुर्चीही बसते.

तिचं नाव आमच्याच पोरीने सुचवलं, हे सुनेकडून कळलं. संध्याकाळी पोरगी आली, मागून गळ्यात हात टाकले आणि म्हणाली, आजी, तुला बसचा त्रास होतो ना, म्हणून. मी म्हटलं, हो ग, फार होतो.

हे विचारतात, तुला बसचा त्रास कधीपासून?

लिहा म्हटलं, आजपासून.