अमील्कारची माळ

१९ ऑक्टोबर

पाय कामातून गेले. सकाळपासून पाहुण्यांचे एकामागून एक गट — आधी भुयार, मग बॉम्बचा खड्डा. खड्ड्यापाशी उभं राहून टेकडीकडे बोट दाखवायचं आणि म्हणायचं — "माझा भाऊ अमील्कार. सोळा वर्षांचा. लढाईच्या वर्षांत सैनिकांनी त्याला तिकडे वर नेलं. मग गोळ्यांचा आवाज आला. तो सापडला नाही."

रोज तेच शब्द. आज 'सापडला नाही' म्हणता म्हणता आठवलं, घरी घेवडा भिजत घालायचा राहिला! स्वतःचीच शिसारी आली.

इलिसेओ दुसरा गट घेऊन मागेच होता. "देल्मी, काल डोळे पुसले होतेस, आज नाही. पाहुणे नाराज झाले बघ!" लढाईत तो स्वतः बंदूक घेऊन जंगलात होता, त्याला थट्टा माफ आहे. हसले मीही.

घरी आले तर आई मक्याच्या भाकऱ्या थापत होती. मान वर न करता म्हणाली, "आज कितीदा मारलंस त्याला?"

रागावून नाही. भाजी कशी दिली विचारावं तसं.

२२ ऑक्टोबर

दिवसभर पाऊस. कोणी आलं नाही. देवा, बरं झालं!

२५ ऑक्टोबर

आईने मेण वितळवलंय. कागदी फुलं त्यात बुडवून माळ करते आहे, मृतांच्या दिवसासाठी. बोटं वाकडी झालीत, पण पाकळी अजून सरळ येते.

पर्यटन समितीचे अध्यक्ष आले होते. "फिदेलिनाबाई, यंदा माळ खड्ड्यापाशी लावू या की! पाहुण्यांना पाहून बरं वाटेल."

"मग पाहुण्यांच्या घरी नेऊन टांग," आई म्हणाली. "माणूस पुरलाय तिथेच माळ चढते. वाऱ्यावर नाही."

बिचारे कॉफी न पिताच गेले.

म्हणजे यंदाही माळ चुलीवरच्या खिळ्यालाच. दर वर्षी तिथेच. वर्षभर धुराने काळी होते, मग नवी येते.

२७ ऑक्टोबर

आज राजधानीतून एक म्हातारा आला होता. गवती टोपी, बरोबर कॉलेजातली नात. बाकीचे फोटो काढत होते, याने एकही काढला नाही.

खड्ड्यापाशी मी टेकडीकडे बोट दाखवलं. सगळ्यांच्या माना वर गेल्या. याची खाली, ओढ्याकडे.

परतताना मलाच विचारतो, "इथून खाली आमातेच्या झाडाशी वाट जायची ना?" ती वाट मोडून किती वर्षं झाली! गावातल्या पोरांनाही ठाऊक नाही.

नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही तर इकडे पहिल्यांदाच येताय ना?"

"कुणीतरी सांगितलं होतं," तो म्हणाला. टोपी काढली. मग हळूच मला — "तुमच्या आई आहेत अजून?"

"आहेत."

टोपी हातात धरूनच गाडीत चढला. नातीने दार लावलं.

२८ ऑक्टोबर

झोप नाही. आम्ही ती टेकडी किती उकरली! आई नखांनी. वर जाताना दिसला, म्हणून वरच. खाली कोणी पाहिलंच नाही.

त्या सैनिकांतलाच एक असेल का तो? की मीच काहीबाही जोडते आहे? एका म्हाताऱ्याने मान वळवली, एवढंच तर झालं.

आईला सांगितलं नाही. तिचं वय झालं. पुन्हा आशा लावायची आणि पुन्हा रिकाम्या हाती परत आणायचं — नाही होत आता माझ्याच्याने.

२ नोव्हेंबर

स्मशानात सकाळपासून सगळं गाव. थडग्यांना निळा-हिरवा रंग, गुळातला भोपळा, पोरांचा गोंगाट. आई मावशीच्या थडग्यापाशी बसून होती.

इलिसेओ जवळ आला. आज थट्टा नाही. "देल्मी, त्या दिवशीची ती राजधानीची गाडी आज पहाटे ओढ्याशी उभी होती. म्हातारा एकटाच. आला आणि गेला."

मी खाली गेले. काट्यातून, घसरत.

आमातेच्या मुळांपाशी कागदी फुलांची माळ. नवी कोरी, विकतची. मातीत नीट टेकवून ठेवलेली. आमच्या गावातलं कोणीही तिथे पुरलेलं नाही — निदान आम्हाला माहीत असलेलं.

मातीला हात लावला नाही. हाडं शोधणाऱ्या डॉक्टरांना फोन केला — "काही हलवू नका, आम्ही येतो," म्हणाले.

जेवणानंतर आईला सगळं सांगितलं. म्हातारा, टोपी, वाट, माळ. ती चुलीवर टांगलेल्या आपल्या माळेकडे बघत राहिली. "विकतची होती?" एवढंच विचारलं. मग जाऊन निजली.

३ नोव्हेंबर

उजाडताना उठले. चूल थंड. आईची काठी दाराशी नाही. खिळा रिकामा.