दोनशे अठ्ठावन्न व्होल्ट आणि एक स्पंज केक

बुलोक टँक रस्ता, शेवटचं घर
११ सप्टेंबर २०२३

नोरीनला, ग्लेनिसचा नमस्कार.

इकडे सर्व ठीक. मेंढ्या ठीक, तुझ्या मेहुण्याचा, केव्हचा, गुडघा होता तसाच, पाऊस नाही. तुझ्याकडेही हेच असणार, अडीच किलोमीटरवर काय वेगळं असायचंय. पत्रास कारण की, माझा सोलर तुझ्यामुळे बंद पडतो.

सहा वर्षांनी बहिणीला पत्र लिहायचं आणि दुसऱ्याच ओळीत तक्रार, हे आईला आवडलं नसतं. पण गोड बोलून कामं करून घेणं तुझ्याकडे गेलं आणि माझ्या वाट्याला तोंड आलं, असं तीच म्हणायची. फोन करणार होते. तू माझा आवाज ऐकून ठेवून दिला असतास तर मला पुन्हा करवला नसता. पत्र निदान फाडायच्या आधी वाचलं जातं.

झालं असं. मे महिन्यात केव्हने लोकर कातरायच्या शेडवर वीस पॅनेल बसवून घेतली. जून-जुलैच्या थंडीत सुरळीत चाललं. ऑगस्टपासून ऊन वर यायला लागलं आणि याची नाटकं सुरू झाली. लख्ख ऊन पडलं की साडेदहाच्या सुमारास इन्व्हर्टर खट् करतो आणि हिरव्या दिव्याचा लाल होतो. ढग आले की गुपचूप सुरू. सूर्यावर चालणारं यंत्र आणि त्याला सूर्यच सोसत नाही! आम्ही दोघं अंगणात उभं राहून ढग यावेत म्हणून वाट बघतो. केव्हने पॅनेलवरची काकाकुव्यांची घाण लांब दांड्याच्या मॉपने पुसली. मग त्याला वाटलं इन्व्हर्टरची पेटी तापते, म्हणून तिच्यावर समुद्रकिनाऱ्यावरची मोठी छत्री बांधली. आता ती सुट्टीवर आल्यासारखी छत्रीखाली बसते आणि तरीही काम करत नाही.

शेवटी गावातून किर्स्टी आली. सोलरवाल्यांकडची पोरगी, हुशार आहे. तिने भिंतीवरचा आकडा दाखवला. तारेवरचा दाब दोनशे अठ्ठावन्न व्होल्टच्या वर गेला की इन्व्हर्टर स्वतःहून अंग काढून घेतो, तसा नियमच आहे. आपल्या दोन घरांना एकच लांब, बारीक तार. दुपारी तुझी पॅनेलं वीज ढकलतात, माझीही ढकलतात, आणि वापरणारं कुणीच नाही. चर्च सुटल्यावर सगळी मंडळी एकाच दारातून बाहेर पडू बघतात तसं. तू दाराशी आहेस, म्हणून तू बाहेर पडतेस. मी शेवटच्या बाकावर, म्हणून मी अडकते.

खरं सांगते, मला आधी वाटलं तू मुद्दाम करतेस. किर्स्टी हसली. म्हणाली, सूर्यावर कुणाचं चालत नाही.

वीज कंपनी म्हणते पुढच्या वर्षी बघू. तोवर उपाय एकच. उन्हाच्या दिवशी साडेदहा ते दोन तू घरात काहीतरी जड चालव. पाण्याचा पंप, कपडे धुणं, काहीही. तुझ्या जुन्या ओव्हनइतकं वीज खाणारं या रस्त्यावर दुसरं काही नाही, हे मी फक्त माहितीसाठी लिहिते. त्यात काय भाजायचं हा तुझा प्रश्न.

आपली,
ग्लेनिस केली (शेवटचं घर)


शेवटचं घर
२० सप्टेंबर

नोरीन,

उत्तर नाही. माझी टपालपेटी म्हणजे तोच आडवा टाकलेला जुना फ्रीज, त्यात डोकं घालून बघितलं. एक सरडा होता.

काल आकडा दोनशे एकसष्टला गेला. घरातल्या घरात वीज जाळूनही थोडा फरक पडतो असं किर्स्टी बोलून गेली आणि केव्हने ते मनावर घेतलं. आता भर दुपारी आमच्याकडे दोन हीटर चालू, सगळ्या खिडक्या उघड्या, किटली चौथ्यांदा उकळतेय, आणि तेच टॉवेल सोमवारपासून धुतले जातायत. मी पायमोज्यांना इस्त्री केली. दोन म्हातारी माणसं किती चहा पिणार? तरी लाल तो लालच.

शनिवारी तू रस्त्यात समोरून आलीस. मी नमस्कारादाखल स्टिअरिंगवरून बोट उचललं. तू उचललं नाहीस. या रस्त्यावर तू अनोळखी ट्रकवाल्याला बोट उचलतेस, एकदा पोस्टाच्या रिकाम्या गाडीलाही उचललेलं मी पाहिलंय. मला राग यायला हवा होता, पण घरी येऊन बराच वेळ गाडीतच बसून राहिले.

काल किर्स्टी पुन्हा आली होती. तुझ्याकडेही जाऊन आली म्हणाली. मी सहज विचारलं, काय म्हणाली नोरीन?

"त्या म्हणाल्या, ओव्हन सहा वर्षांत लावलेला नाही. त्यात आता पातेली ठेवतात."

मला वाटलं होतं तू फक्त गावच्या वार्षिक प्रदर्शनातल्या स्पर्धेत केक पाठवणं बंद केलंस. घरीसुद्धा नाही, हे मला ठाऊक नव्हतं. तू, जिने वयाच्या नवव्या वर्षी बदकाची अंडी फेटून आईला हरवलं.

तर आता लिहितेच. पेटी, तार, व्होल्ट, सगळं खरं आहे. पण सहा वर्षं मी जे लिहिलं नाही ते असं आहे.

त्या वर्षी प्रदर्शनाच्या दिवशी तुझी गाडी दुरुस्तीला होती आणि मी मदतनीस म्हणून लवकर जाणार होते, म्हणून तू तुझा स्पंज केक माझ्याकडे दिलास. ताटात, टॉवेलवर, नीट. माझ्याकडे सपाट फळी एकच होती. तिच्यावर मी माझा केक ठेवला. तुझं ताट गाडीत घसरत होतं, म्हणून तुझा केक उचलून मी केक निववायच्या लोखंडी जाळीवर ठेवला. टॉवेल न घालता. पुढे चाळीस किलोमीटर खडबडीत रस्ता. हॉलमध्ये पोचून उचलला तर बुडावर चार रेघा, आणि खुणेचे गुण कापले जातात हे आपल्या दोघींना पाठ.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी गप्प केक मांडला. परीक्षकबाईंनी तो उलटा करून सगळ्यांसमोर "जाळीची खूण" म्हटलं आणि तुला दुसरा नंबर दिला, मला पहिला. तू म्हणालीस, मी आयुष्यात स्पंज उघड्या जाळीवर ठेवलेला नाही. आणि मी काय म्हणाले ते तुला शब्दन् शब्द आठवत असणार. "वय झालं नोरीन, विसरली असशील."

चार रेघा जाळीच्या होत्या. त्या वाक्याचा दोष मात्र रस्त्याला देता येत नाही. तुझ्या पुढे एकदा तरी जायचं होतं मला. बाकी कारण नाही.

हे पत्र आधी गावात जाईल, शिक्का खाईल आणि मग अडीच किलोमीटर मागे येईल. तेवढ्यात मी ते परत मागायची नाही असं स्वतःला सांगतेय.

तुझी बहीण,
ग्लेनिस

ता. क. ओव्हनचं राहू दे. पंप चालवलास तरी चालेल. काहीच नाही चालवलंस तरीही.


शेवटचं घर
२९ सप्टेंबर

प्रिय नोरी,

काल सकाळी आकाश असं निरभ्र होतं की केव्हने हीटर आधीच लावून ठेवला. साडेदहाला आकडा दोनशे सत्तावन्न. आम्ही दोघं पेटीसमोर, छत्रीखाली, चहा घेऊन बसलो. दहा चाळीसला खट् होणार म्हणून केव्ह मोजायला लागला.

खट् झालं नाही. आकडा दोनशे त्रेपन्नला उतरला. थोड्या वेळाने किंचित वर गेला, पुन्हा खाली आला, पुन्हा वर, पुन्हा खाली.

"नोरीनने पंप लावला," केव्ह म्हणाला.

पंप असा वर-खाली करत नाही. ओव्हन करतो, तापला की थांबतो, निवला की पुन्हा पेटतो. मी घड्याळ लावलं. पंधरा मिनिटं तापवणं, मग पंचवीस मिनिटं, आणि त्यानंतर आकडा वर गेला तो वरच राहिला. पंचवीस मिनिटांत या जगात एकच वस्तू भाजली जाते. मी तिथेच छत्रीखाली रडले. केव्हला वाटलं मशीन सुरू झालं म्हणून रडतेय. तो म्हणाला, मलाही तसंच वाटतंय.

आज टपालवाला लेस आला तो फ्रीजपाशी न थांबता गाडी घेऊन थेट दारात. मांडीवर डबा. म्हणाला, तुझ्या बहिणीने धमकी दिलीय, एक खड्डा चुकला नाही तर तिच्याशी गाठ आहे.

चिठ्ठी नव्हती. स्पंज ताटात उलटा ठेवलेला होता, बूड वर. त्यावर जाळीच्या खुणा, उभ्या आणि आडव्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पट्टी लावून काढल्यासारख्या. तू त्याला जाळीवर दाबलंस की काय? केव्हने चौकोन मोजले. अठ्ठेचाळीस. मग आम्ही तीस खाल्ले. बदकाची अंडी आहेत. आईच्या पद्धतीचा आहे. माझा असा कधीच झाला नाही, पहिला नंबर मिळाला त्या दिवशीही नाही.

आता ऐक. प्रदर्शन चौदा ऑक्टोबरला आहे. काय घडलं ते मी समितीच्या बायकांना परवाच फोन करून सांगितलं. चिटणीसबाई म्हणाल्या, नोरीनचं नाव यादीत लिहू का? मी म्हटलं, तिला विचारते. तर विचारते. गाडी चालवायला तू बस. केक माझ्या मांडीवर, टॉवेल घालून. मी माझा काही आणत नाही.

पहिल्या नंबरची निळी फीत चौकटीतून काढली. पाकिटात ठेवलीय, तुझी आहे. सहा वर्षं काचेखाली राहून मधोमध घडी पडली होती, म्हणून इस्त्री केली. काल अकरा वाजता. दिवा हिरवा होता.

तुझी धाकटी,
स्पंजमध्ये दुसरी,
ग्लेनिस